पहिले आचार्य : नागदेव

संस्थापक दृष्टीआड झाला म्हणजे पंथाची खरी कसोटी सुरू होते. ख्रिस्ती धर्माच्या आरंभकाळीं कॉरिंथच्या मंडळींत तंटा माजला, तेव्हां सन ९६ च्या सुमारास रोमहून एक पत्र तेथें गेलें. रोमचे धर्मगुरु संत क्लेमेंट यांच्या नांवानें तें ओळखलें जातें. तें ग्रीक भाषेंत होतें, कारण त्या काळीं दोन्हीकडच्या मंडळींची व्यवहारभाषा तीच होती. अशीच कसोटी तेराव्या शतकांत आपल्या वऱ्हाडांत, मोर्शी तालुक्यांतील रिद्धपुरीं, महानुभाव पंथाचे पहिले आचार्य नागदेव यांची झाली.

नागदेव ऊर्फ भटोबास हे श्रीचक्रधरस्वामींचे शिष्य. त्यांची आई आबाइसा व बहीण उमाइसा ह्याहि स्वामींच्याच शिष्या. स्वामी उत्तरेकडे निघून गेल्यावर मंडळी रिद्धपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेस राहिली. १२८७ च्या सुमारास तेहि गेले, आणि पंथाचा सर्व भार नागदेवांवर आला.

स्वामींचें स्मरण कसें टिकवावें, हा मोठा प्रश्न होता. म्हाइंभटांनीं गांवोगांव हिंडून, स्वामींना प्रत्यक्ष पाहिलेल्यांना विचारून, लीळाचरित्र सिद्ध केलें. त्यास नागदेवांचा आधार होता. केशिराजबासांसारख्या पंडितास संस्कृतांत रचना करणें सुलभ होतें, प्रतिष्ठेचेंहि होतें. नागदेवांनीं त्यांस थांबविलें. संस्कृत ग्रंथ पंथांतील वृद्ध स्त्रियांना कळणार नाहीं, मग त्यांच्या हातीं काय उरेल, ही त्यांची चिंता होती. शास्त्र मराठींत राहिलें तें ह्या काळजीमुळें.

नागदेव १३०२ च्या सुमारास निवर्तले. पुढें खलजी सैन्याच्या धाडींत लीळाचरित्राची मूळ प्रत नष्ट झाली. परंतु शिष्यांच्या कंठीं तें होतें, म्हणून तें पुन्हा उभें राहिलें. दैवाची गति अशी कीं पुढील पिढ्यांनीं हेंच वाङ्मय सांकेतिक 'सकळ' लिपींत बंद केलें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं ती लिपी उलगडली, आणि नंतर नागपूरच्या ह. ना. नेने यांनीं लीळाचरित्र छापून लोकांपुढें आणलें.

२०२४ मध्यें रिद्धपुरास मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालें. तेथें पुष्कळ ग्रंथ होवोत; मात्र ते कोणाला कळणार, हा नागदेवांचा प्रश्न तेथें नित्य विचारला जावा.