पोटरीचा घेर आणि अंटार्क्टिका

२२ जानेवारी १९६२ची सकाळ. तुम्ही भाईंदरच्या मिठागरातल्या एका बांधावर उभ्या आहात, सुती कुर्ता आणि चपला अशा वेषात. समोर उथळ वाफे, पुढे खाडी, खाडीत पाणजू बेट आणि त्यावरून पलीकडे गेलेला रेल्वेचा पूल. टॉवर नाहीत, मॉल नाही, महानगरपालिका व्हायला अजून चाळीस वर्षं आहेत. वाफ्यांवरून येणारा वारा थेट हाडांत शिरतो. बांधावरून दोन गडी येताहेत, नाकापर्यंत घोंगडी ओढून. त्यांतला म्हातारा तुमच्याकडे बघून थबकतो. "बाय, पांघराला काय नाय का तुला?" विचारतो आणि उत्तराची वाट न बघता चालू लागतो.

आज सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरलाय. उपनगरांच्या नोंदींत याहून थंड सकाळ नाही, म्हणूनच तुम्हाला इथे आणलं. आता हिशेब करा. डिसेंबरात तुमचं जहाज अंटार्क्टिक द्वीपकल्पाला लागेल तेव्हा तिथे उन्हाळा असेल आणि दुपारचा पारा शून्याच्या अलीकडे-पलीकडे. या बांधापेक्षा सात-आठ अंश कमी, इतकंच. सोसायटीच्या लिफ्टमध्ये ज्या उणे पन्नासाच्या गोष्टी सांगितल्या जातात, तो मामला आतल्या पठारावरचा आणि हिवाळ्यातला. तिथे तुमचं जहाज जातच नाही. तुमचे वैरी दोन, वारा आणि पाणी. शून्य अंशावर ताशी ४० किलोमीटरचा वारा सुटला की उघड्या कातडीला तेच उणे सात लागतं, आणि भिजलेला कपडा कोरड्यापेक्षा कितीतरी झपाट्याने अंगातली ऊब ओढून नेतो. खाडीकाठच्या माणसाला हे दोन्ही समजावून सांगावं लागत नाही. तुमची खरी अडचण निराळी आहे.

ती बघायला या ऑक्टोबरात या. भाईंदर पश्चिम, स्टेशनबाहेरच्या गल्लीतलं होजियरीचं दुकान. बाहेर अंगाची लाही होतेय आणि तुम्ही पडद्यामागे, लुधियानाहून आलेल्या थर्मलशी झटताय. डावी बाही कोपरापर्यंत आली आणि तिथेच रुतली.

"ट्रिपल एक्सेल आहे ताई, यापुढे येत नाही," दुकानदार पडद्यापलीकडून सांगतो. "स्ट्रेच होतं, घाला बिनधास्त."

तुम्ही घालता. आरशात विणीचे टाके एकमेकांपासून लांब गेलेले दिसतात. दंडावर तर खालची कातडी दिसते. स्ट्रेच होतं हे खरंच. पण थंडी अडवते ती धाग्यांत आणि दोन थरांच्या मधे कोंडलेली हवा. इतक्या ताणून बसवलेल्या थर्मलमध्ये ती हवा उरत नाही. पैसे लोकरीचे मोजायचे आणि अंगावर जाळी घालायची, असा तो सौदा.

पुढचं दुकान गमबुटांचं. सात नंबर. पाऊल आत जातं, टाच बसते, आणि बुटाचं तोंड पोटरीच्या मध्यावर अडतं. जोर लावला तर रबर दुमडतं आणि पोटरीवर लाल कडं उमटतं. "नऊ नंबर बघू?" पोरगा विचारतो. नऊ नंबरात पाऊल पुढे-मागे सरकतं आणि पोटरी तरीही अडते, कारण नंबर पावलाच्या लांबीचा असतो. पोटरीला नंबरच नाही. 'तुमच्या मापात नाही मिळणार' हे शाळेच्या युनिफॉर्मपासून ऐकत आलात. आता ते बर्फाच्या नावाने ऐकायचं. बुकिंग रद्द करावं असं मनात येतं.

जरा थांबा. आधी एका शिंप्याकडे जाऊन येऊ.

१९११चा ऑगस्ट. रॉस समुद्राच्या दक्षिणेला, तरत्या हिमथराच्या काठावर नॉर्वेच्या रोआल्ड अमुंडसेनची लाकडी झोपडी आहे, नाव फ्रामहाईम. ती बर्फात जवळजवळ बुडाली आहे आणि तिच्याभोवती माणसांनी बर्फातच खोल्या कोरल्या आहेत. तुम्ही वाकून आत शिरता. दिव्याच्या उजेडात ऑस्कर विस्टिंग शिवणयंत्रावर बसलाय. तंबूला तळ शिवून जोडणं, कपडे उसवून पुन्हा शिवणं, हिवाळाभर त्याचं हेच चाललंय. खुंटीला रेनडियरच्या कातड्याचे अंगरखे टांगलेत. हात लावून बघा. आतल्या अंगरख्याची लव अंगाकडे, बाहेरच्याची वाऱ्याकडे. मुंढा एवढा सैल की बाहीतून हात काढून छातीशी धरता येईल. हा कपडा नॉर्वेत सुचलेला नाही. १९०३ ते १९०५ या काळात कॅनडाच्या उत्तरेला नेत्सिलिक इन्युइटांच्या शेजारी राहून अमुंडसेन तो शिकला. अंगावर सैल, हवा खेळती, घाम सुकायला जागा. बडा साइज तिथे कुणाला कमीपणाचा वाटत नाही. घट्ट कपडा घालणारा वेडा ठरतो.

आता खाली ठेवलेले बूट बघा. अमुंडसेनने ते मुद्दाम मोठे बनवून आणलेत. पण रेनडियरच्या कातड्याचे मोजे एकावर एक चढवले की तेही आवळतात, म्हणून ते उसवणं, तळ काढणं, जागा वाढवणं पुन्हा पुन्हा चालू आहे. एवढं करूनही ८ सप्टेंबरला तुकडी ध्रुवाकडे घाईने निघते, पारा उणे ५० च्या खाली जातो आणि काही दिवसांत सगळे परत येतात. काहींच्या टाचा हिमदंशाने गेलेल्या. बूट पुन्हा विस्टिंगच्या हाती. मग ऑक्टोबरात पाच जण निघतात आणि १४ डिसेंबर १९११ला दक्षिण ध्रुवावर पोचतात. भाईंदरच्या दुकानात तुम्ही उतरलेल्या चेहऱ्याने ठेवून दिलेला बूट आठवा. जगातले सगळ्यात तयारीचे लोक हिवाळाभर बुटाच्या मापाशीच भांडत होते.

त्याच ध्रुवाकडे दुसऱ्या वाटेने निघालेल्या रॉबर्ट स्कॉटच्या तुकडीत फार वेळ थांबू नका, पण एका माणसाला भेटा. एडगर इव्हान्स, वेल्सचा खलाशी, पाच जणांत सगळ्यात थोराड. त्याच्या शेजारी हेन्री बॉवर्स, उंची पाच फूट चार इंच. दोघांनी ओढायची बर्फगाडी एकच, आणि शिधा तोळ्यातोळ्याने सारखा. न्याय म्हणून सारखा! मोठ्या देहाला ओझं ओढायला जास्त खावं लागतं, हे त्या वाटणीत कुणी धरलं नाही. इव्हान्सच्या हाताची जखम भरली नाही, वाटेत तो पडला, आणि १७ फेब्रुवारी १९१२ला बिअर्डमोर हिमनदीच्या पायथ्याशी त्याने प्राण सोडला. पाचांत पहिला. कारणं अनेक सांगतात, पण ज्यांनी शिध्याचा हिशेब मांडला ते या सारख्या वाटणीपाशी येऊन थांबतात. सगळ्यांना एकच माप हा माझ्या मते थंडीइतकाच जुना शत्रू आहे.

डिसेंबर १९८३, गोव्याचं मुरगाव बंदर. ही भेट थोडी सुखाची. 'फिनपोलारिस' जहाजावर भारताची तिसरी अंटार्क्टिका मोहीम चढतेय. हर्ष गुप्ता नेते आहेत आणि 'दक्षिण गंगोत्री' हे पहिलं कायम ठाणं उभारायचं आहे. गर्दीत दोन बायका आहेत. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता. दुसऱ्या अदिती पंत, नागपुरात जन्मलेल्या, औंधच्या पंतप्रतिनिधींच्या घरातल्या, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेतल्या. आधीच्या दोन मोहिमांत एकही बाई नव्हती. कपड्यांच्या गठ्ठ्यांकडे बघत तुम्ही मनात म्हणता, यांतलं किती पुरुषांच्या मापाने आलं असेल? विचारायला पुढे व्हाल, तोवर त्या शिडीवरून वर गेलेल्या असतात. नितंब, छाती आणि पोटऱ्या असलेलं शरीर ध्रुवीय सामानाच्या यादीत उशिरा आलं, इतकं मात्र नक्की.

तुमच्यासारखे हौशी प्रवासी तिथे कित्येक दशकं जाताहेत. १९६६मध्ये लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी पर्यटकांची सफर नेली. आता सहल-कंपन्यांची १९९१मध्ये स्थापन झालेली संघटना नियम घालते. एका ठिकाणी एका वेळी शंभराहून जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरत नाहीत. म्हणजे उतरायला रांग, आणि रांगेत उभं राहायला कपडे.

चला, येत्या डिसेंबरात. उशुआया सोडून दोन दिवस झालेत, ड्रेक सामुद्रधुनीत पोट ढवळून निघालंय. जहाजाच्या खालच्या मजल्यावर बूट घालायची खोली आहे, भिंतीला बाक, खाली ओली जमीन. तुम्ही शांत आहात, कारण ऑक्टोबरातच शहाणपण केलंत. पायात पातळ मोजा, त्यावर लोकरीचा जाड. बूट पुरुषांच्या विभागातला, कारण ब्रिटिश नंबर बायका-पुरुषांना साधारण सारखाच असतो पण पुरुषांचा साचा चवड्याशी रुंद येतो. तळ रबराचा आणि वरचा भाग ताणणाऱ्या निओप्रीनचा, म्हणून पोटरी बसली. बोटं आत हलताहेत. हे हलणं सोडू नका. बोटं हलेनाशी झाली की रक्त अडलं आणि गारठा आत आला.

पावसाळी विजार बुटाच्या बाहेरून खाली सोडलेली, आत खोचली असती तर पहिल्याच लाटेने बूट भरला असता. कुल्ल्यापासून घोट्यापर्यंत बाजूने उघडणारी चेन आहे, त्यामुळे बूट न काढता ती चढते आणि संडासात अर्धं आयुष्य जात नाही. पट्ट्याची डांगरी दिसते झोकात, पण या कारणासाठी मी कुणालाही घ्यायला सांगणार नाही. जाकिटाची चेन खालूनही उघडते. बसल्यावर दोन इंच वर ओढली की कुल्ल्यावर ताण येत नाही. आतल्या फ्लीसला तुमच्या टेलरने काखेखाली कळी टाकून दिलीय. बाहेरच्या जलरोधक कपड्याला मात्र त्याला हात लावू दिला नाहीत ते बरं केलंत. सुईचं प्रत्येक भोक पाणी आत घेतं, आणि ते बंद करायची पट्टी गल्लीतल्या दुकानात नसते.

वरून लाइफजॅकेट. खलाशी तुमच्याकडे एक नजर टाकतो आणि न विचारता लांब पट्ट्याचं पुढे करतो. त्याला आधीच कळवलं होतं.

किनाऱ्यावर जाण्याआधी जहाजाचे कर्मचारी कपड्यांच्या वेल्क्रोत चिमटा घालून कुसळं शोधतात. मागच्या श्रावणात घोडबंदरच्या डोंगरात फिरायला घातलेल्या बॅगेत ती हमखास निघतात, म्हणून बॅग घरूनच ब्रशने साफ करून आणा. मग बूट जंतुनाशकात बुडवायचे. रबरी होडीत उतरताना खलाशी मनगटाला मनगट धरतो. होडीच्या फुगीर कडेवर बसायचं, पाय ओढून घ्यायचे, आणि खडकापाशी घोटाभर पाण्यात उतरायचं. वारा येतो. अंगाला लागत नाही. चढावर पाचव्या मिनिटाला मात्र घाम फुटतो. भरलेल्या अंगाला तो लवकर फुटतो. तेव्हा लाजायचं नाही, चेन उघडायची, टोपी काढायची. घाम मुरलेला थर परतीच्या वाटेवर होडीत गार पडतो.

आता परत या, भाईंदरला, आजच्या तारखेला. हे सगळं इथेच पारखून घेता येतं. पूर्ण कपडे चढवून खुर्चीवर बसा, उकिडव्या बसून बघा, दोन्ही हात वर करा, गॅलरीतल्या पाण्याच्या पिंपावरून पाय पलीकडे टाका. शेजारणी हसतील, हसू द्या. ओहोटीला उत्तनला जा; होडीतून गुडघाभर पाण्यात उतरणारे कोळी रोज तेच करतात जे तुम्ही पेंग्विनांपुढे करणार आहात. बूट तिथल्या चिखलात अर्धा तास घालून फिरा. चिखलात पाय रुतून बूट मागे राहिला तर तो तुमचा बूट नव्हे.

आणि इंच-टेप आज काढा. छाती, कंबर, सीट, मांडी आणि दंडाचं माप आतले थर घालून घ्या, कारण जाकीट त्यांच्यावर चढणार आहे. पोटरीचं माप उभ्याने, सगळ्यात जाड जागी, जाड मोज्यावरून घ्या. संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. एक्सेलच्या खुणांवर जाऊ नका, त्या प्रत्येक कंपनीच्या वेगळ्या, आणि परदेशी एक्सेल बहुधा आपल्या एक्सेलपेक्षा मोठा निघतो. पुष्कळ जहाजं बूट भाड्याने किंवा फुकट देतात आणि जाकीट भेट म्हणून देतात, पण त्यांच्या कोठीत सगळी मापं असतातच असं नाही. बुकिंगच्या अर्जात साइजच्या चौकटीत नुसती खूण करून थांबू नका. जहाज-कंपनीला पत्र लिहा, मापं सेंटिमीटरमध्ये द्या, आणि त्यांच्याकडच्या सर्वांत मोठ्या बुटाच्या तोंडाचा घेर, सर्वांत मोठ्या जाकिटाची छाती आणि लाइफजॅकेटच्या पट्ट्याची लांबी लेखी मागा. 'सगळे साइज उपलब्ध आहेत' एवढंच उत्तर आलं, तर ते उत्तर धरू नका. पुन्हा लिहा.