बाँबे रक्तगट व जुन्या रक्तपरीक्षांचे पुनर्वाचन

बाँबे रक्तगट : तांबड्या रक्तकोशिकांवर ए, बी व एच या तिन्ही प्रतिजनांचा (प्रतिपिंडांची निर्मिती उद्दीपित करणाऱ्या पदार्थांचा) अभाव असलेला दुर्मिळ आनुवंशिक रक्तगट. नेहमीच्या परीक्षेत तो ‘ओ’ म्हणून नोंदला जातो आणि ही नोंद पुष्कळदा आयुष्यभर तशीच राहते. रक्तगट-परीक्षा ही मोठ्या प्रमाणावर वापरात आलेली पहिली मानवी आनुवंशिक परीक्षा होय. त्यामुळे आनुवंशिक परीक्षांचे जुने निष्कर्ष नव्या ज्ञानाच्या आधारे पुन्हा तपासण्याचा इतिहासही येथूनच पाहणे सोयीचे ठरते. या इतिहासाशी सातारा व सांगली या जिल्ह्यांचा संबंध स्थलांतर व विवाहपद्धती या दोन्ही अंगांनी येतो.

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये मानवी रक्ताचे गट वर्णिले. एमिल फोन डुंगेर्न व लुडव्हिक हिर्शफेल्ड यांनी १९१० मध्ये हे गट आनुवंशिक असल्याचे दाखविले, तर फेलिक्स बर्नस्टाइन यांनी १९२४ मध्ये तीन पर्यायी जनुकांच्या साह्याने त्यांच्या संक्रमणाचा नियम बसविला. या नियमानुसार ओ गटाच्या मातेला किंवा पित्याला एबी गटाचे अपत्य होणे अशक्य ठरते. न्यायालयांनीही पितृत्वाच्या वादांत या नियमाचा आधार घेतला. मात्र त्यात एक गृहीत दडलेले होते : ज्या रक्तात ए व बी प्रतिजन आढळत नाहीत, त्या व्यक्तीजवळ ए व बी ही जनुकेही नाहीत. वस्तुतः ‘ओ’ ही नोंद काय आढळले हे सांगत नाही, काय आढळले नाही एवढेच सांगते.

हे गृहीत मुंबईत मोडले. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे व एच. एम. भाटिया यांना ओ म्हणून गणल्या जाणाऱ्या काही रुग्णांचे रक्त इतर कोणत्याही ओ रक्ताशी जुळत नाही, असे आढळले. लंडनमधील रूथ सँगर, आर. आर. रेस, डब्ल्यू. टी. जे. मॉर्गन व विनिफ्रेड वॉटकिन्स यांच्या सहकार्याने त्यांनी हा शोध द लॅन्सेट या नियतकालिकात १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९५५ मध्ये फिलिप लेव्हिन व सहकाऱ्यांनी अमेरिकेतील एका कुटुंबाचे वर्णन केले. त्यातील मातेच्या रक्तात न दिसलेला बी प्रतिजन तिच्या अपत्यात मात्र प्रकट झाला होता. म्हणजे मातेजवळ बी जनुक होते, पण त्याचे कार्य दुसऱ्या एका जनुकाच्या दोषामुळे झाकले गेले होते. या रक्तगटाला बाँबे हे नाव याच सुमारास मिळाले.

याचे कारण रासायनिक आहे. ए व बी प्रतिजन एच या मूळ पदार्थावर एकेक शर्करा जोडली जाऊन तयार होतात. एच पदार्थ स्वतः फ्यूकोज नावाच्या शर्करेच्या जोडणीतून बनतो. जोतेच नसेल, तर भिंत उभी राहत नाही. तसेच एच नसेल, तर ए किंवा बी जनुक असूनही त्याचा प्रतिजन दिसत नाही. अशा व्यक्तीच्या रक्तरसात ए व बी यांच्याबरोबरच एच-विरोधी प्रतिपिंडेही असतात. ओ गटाच्या कोशिकांवर एच सर्वांत जास्त असल्याने, एरव्ही सर्वांना चालणारे म्हणून ओळखले जाणारे ओ रक्तच या व्यक्तींना सर्वाधिक घातक ठरते.

ही चूक सहजासहजी उघडकीस येत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. रुग्णाच्या कोशिका ए-विरोधी व बी-विरोधी रक्तरसांत मिसळल्या असता गुठळ्या होत नाहीत. त्याचा रक्तरस ए व बी कोशिकांत मिसळल्यास दोन्हींत गुठळ्या होतात. दोन्ही परीक्षांचे उत्तर बिनचूक ‘ओ’ असेच येते. रक्तरसाच्या परीक्षेत ओ कोशिकांचीही एक नळी ठेवली, किंवा यूलेक्स यूरोपियस या काटेरी झुडपाच्या बियांचा एच-विरोधी अर्क वापरला, तरच भेद कळतो. एरवी रक्ताधानापूर्वीच्या जुळणीत एकामागून एक ओ रक्ताच्या पिशव्या नाकारल्या जातात, तेव्हा जुन्या नोंदीविषयी प्रथमच शंका येते. तोवर शस्त्रक्रियेची किंवा प्रसूतीची वेळ येऊन ठेपलेली असते.

या रक्तगटाला मुंबईचे नाव मिळाले ते शोधाच्या स्थळावरून. मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत काम करणारा कामगारवर्ग फार मोठ्या प्रमाणात रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून आलेला होता. त्यांचे आजार, अपघात व बाळंतपणे मुंबईच्या रुग्णालयांत होत. त्यामुळे तेथील रक्तपेढ्यांच्या नोंदी या एका अर्थाने कोकण व घाटमाथ्यापलीकडच्या खेड्यांच्याही नोंदी होत्या. १९५२ मध्ये सांगली जिल्ह्याचे नाव दक्षिण सातारा असे होते; १९४९ मध्ये निर्माण झालेल्या या जिल्ह्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. जुनी नोंदवही वाचताना गावाचा जिल्हा देखील तपासून घ्यावा लागतो, तो असा.

एच. एम. भाटिया व एम. एस. साठे यांनी १९७४ मध्ये मुंबईत या गटाचे प्रमाण सुमारे ७,६०० व्यक्तींमागे १ असल्याचे नोंदविले. यूरोपात ते दहा लाखांत एक इतके विरळ मानले जाते. हा गट प्रकट होण्यास माता व पिता या दोघांकडून सदोष जनुक यावे लागते. ७,६०० त १ या प्रमाणावरून ढोबळ गणित केल्यास सुमारे ४४ व्यक्तींत १ या जनुकाची वाहक ठरते. इरावती कर्वे यांनी किन्शिप ऑर्गनायझेशन इन इंडिया (१९५३) या ग्रंथात महाराष्ट्रातील, मामाच्या मुलीशी विवाह करण्याच्या प्रथेची चर्चा केली आहे. दक्षिण महाराष्ट्रात, सातारा-सांगलीकडेही, ही प्रथा अनेक जातींत रूढ राहिली. याच गणिताने सख्ख्या आते-मामे भावंडांच्या अपत्यांत बाँबे गटाची शक्यता ७,६०० त १ ऐवजी साधारण १,२०० त १ इतकी वाढते. त्यामुळे एक व्यक्ती सापडली की तिच्या भावंडांच्या ‘ओ’ नोंदी पुन्हा तपासणे हा सर्वांत फलदायी मार्ग ठरतो; अशा प्रत्येक भावंडाचा गट तोच असण्याची शक्यता चारांत एक असते.

पुनर्वाचनाचा सामाजिक अर्थही कमी महत्त्वाचा नाही. ओ म्हणून नोंदलेल्या पित्याला एबी गटाचे मूल झाले, तर बर्नस्टाइन यांचा नियम शब्दशः लावणारा परीक्षक मातेवर संशय ओढवू शकतो. येथे दोष स्त्रीच्या वर्तनात नसून नोंदीच्या अर्थात असतो. असा निष्कर्ष देण्यापूर्वी एच प्रतिजन तपासणे, हे प्रस्तुत लेखकाच्या मते परीक्षकाचे किमान कर्तव्य होय.

दुसरे पुनर्वाचन जनुकांच्या पातळीवर झाले. एच पदार्थाची जोडणी करणाऱ्या एंझाइमाचे जनुक (एफयूटी १) १९९० मध्ये वेगळे करण्यात आले. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय बाँबे गटात या जनुकातील एका अक्षराचा बदल व शेजारच्या एफयूटी २ या जनुकाचा संपूर्ण लोप दाखविला. अशा व्यक्तींच्या लाळेतही एच का आढळत नाही, याचा उलगडा त्यामुळे झाला.

बाँबे गट हा स्वतः रोग नव्हे. अशी व्यक्ती एरवी निरोगी असते. तथापि १९९२ मध्ये इझ्राएलमधील आमोस एत्झिओनी व सहकाऱ्यांनी वारंवार तीव्र जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ व मतिमंदत्व असलेल्या दोन मुलांचे वर्णन केले. त्यांचा रक्तगट बाँबे होता आणि तोच निदानाचा धागा ठरला. फ्यूकोजचा अभाव केवळ तांबड्या कोशिकांवर नसून पांढऱ्या कोशिकांवरही होता. त्यामुळे त्या रक्तवाहिनीच्या भित्तीला चिकटून संसर्गाच्या जागी पोहोचू शकत नव्हत्या. येथील दोष फ्यूकोजच्या वहनाच्या निराळ्या जनुकात असल्याचे २००१ मध्ये सिद्ध झाले. वारंवार आजारी पडणाऱ्या बालकाच्या कागदपत्रांतील ‘ओ’ ही नोंद पुन्हा तपासण्याचे महत्त्व यावरून कळून येते.

संपूर्ण जीनोमाच्या वाचनातही हीच अडचण येते. २०१५ पासून रूढ झालेल्या वर्गीकरणात जनुकीय बदलांचे पाच वर्ग असून त्यांत ‘अर्थ अनिश्चित’ हा एक आहे. या वर्गातील निष्कर्ष काही वर्षांनी पुन्हा तपासल्यास काहींचे निदान निश्चित होते, तर काहींवरचा रोगाचा शिक्का पुसला जातो. यासाठी तुलनेला भारतीय लोकसंख्येची माहिती लागते. जीनोमइंडिया प्रकल्पातील १०,००० जीनोमांचे वाचन २०२४ मध्ये पूर्ण झाल्याने ती आता अधिक उपलब्ध आहे. बाँबे गटाच्या बाबतीत मात्र यंत्रापेक्षा माणसांचीच यादी अधिक उपयोगी पडते. सांगलीतून स्वयंसेवी पद्धतीने चालविलेली या गटाच्या दात्यांची साखळी राज्याबाहेरच्या रुग्णांपर्यंतही रक्त पोहोचवीत आली आहे. या साखळीत येणाऱ्या कित्येकांच्या हाती पूर्वी ‘ओ’ लिहिलेलीच चिठ्ठी असते.