राणीची ‘लूटी’

ऑक्टोबर १८६०. ब्रिटिश-फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा युआनमिंगयुआन हा बादशाही उद्यानप्रासाद लुटला. पुढे एल्गिनच्या हुकुमाने तो जाळण्यातही आला. त्या लुटीतली एक इवलीशी पेकिंगीज कुत्री कॅप्टन डनने राणी व्हिक्टोरियाला नजर केली. तिचे नाव ठेवले गेले ‘लूटी’! संकोच कुणालाच वाटला नाही. इंग्रजीतला ‘लूट’ हा शब्द हिंदुस्थानातून गेलेला, कुत्री चीनमधून.

पेकिंगीजची निगा कष्टाची. चपट्या नाकामुळे तिला धाप लागते, उकाडा सोसत नाही. बटबटीत डोळ्यांना चटकन इजा होते. दाट केस नित्य विंचरावे लागतात. मांडीवर बसवण्यासाठीच जोपासलेली जात ती! लूटी १८७२ मध्ये वारली. तिचे १८६१ चे तैलचित्र राजसंग्रहात आहे; त्या प्रासादाचे भग्नावशेष बीजिंगमध्ये.