रील बघून पिस्तुलाचा ट्रिगर 'हलका' करायला निघालात? बीडच्या परवानाधारकांनी आधी हे वाचा

यूट्यूबवर अमेरिकेतल्या बंदुकांचे व्हिडिओ बघताना एक गोष्ट हमखास समोर येते. एखादा माणूस टेबलावर छोटं पिस्तूल खोलतो, पाकिटातून दोन-तीन बारीक स्प्रिंगा काढतो, आतल्या जुन्या काढून त्या बसवतो आणि म्हणतो, बघा, ट्रिगर कसा लोण्यासारखा झाला. दहा मिनिटांचं काम. खाली कमेंटमध्ये मराठी नावंही दिसतात. भारतात हे मिळेल का? आपल्या पॉइंट बत्तीसला बसेल का?

हा प्रश्न बीड जिल्ह्यात नुसता हौसेचा राहिलेला नाही. ९ डिसेंबर २०२४ ला केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला आणि त्यानंतर साऱ्या राज्याचं लक्ष या जिल्ह्यातल्या बंदुकांकडे गेलं. हवेत गोळीबार करतानाचे, कमरेला पिस्तूल खोचून काढलेले व्हिडिओ पुन्हा पुन्हा फिरले. जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने असल्याचं समोर आलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी परवान्यांची फेरतपासणी करायला सांगितलं, पोलिसांनी प्रस्ताव पाठवले आणि २०२५ च्या सुरुवातीला जिल्हाधिकाऱ्यांनी शंभराहून अधिक परवाने रद्द केले. म्हणजे ज्याच्याकडे परवाना शिल्लक आहे, त्याच्या हत्यारावर आता नजर आहे.

आधी स्प्रिंग काय करते ते बघू. मराठीत आपण 'चाप ओढला' किंवा 'घोडा दाबला' असं म्हणून मोकळे होतो, पण बोट आणि गोळी यांच्यामध्ये बरंच काही घडतं. एक स्प्रिंग ट्रिगरला सोडल्यावर परत जागेवर आणते. दुसरी हॅमरला किंवा आतल्या स्ट्रायकरला जोर देते, त्या जोरानं पिन काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर आदळते आणि बार उडतो. तिसरी, नळीखालची किंवा नळीभोवतीची, वरची स्लाइड मागे गेली की पुढे ढकलते. शिवाय पिन आपोआप पुढे सरकू नये म्हणून अनेक पिस्तुलांत एक छोटी सुरक्षा स्प्रिंग असते. या सगळ्यांचा मेळ कारखान्यात घातलेला असतो. ट्रिगर ओढायला किती जोर लागावा, हे त्या मेळातून ठरतं. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाला साधारण अडीच किलो जोर लागतो. न्यूयॉर्कच्या पोलिसांनी कित्येक वर्षं मुद्दाम सुमारे साडेपाच किलोचा जड ट्रिगर वापरला, कारण धावपळीत, भीतीत बोट आपोआप आवळलं जातं आणि नको तेव्हा गोळी सुटते.

मग लोक तो हलका का करतात? नेमबाजीच्या स्पर्धेत हलक्या ट्रिगरचा खरंच उपयोग होतो. हात हलत नाही, नेम चुकत नाही. पण स्पर्धेचं पिस्तूल रेंजवर असतं, नळी निशाण्याकडे आणि शेजारी पंच. कमरेला किंवा गाडीच्या डॅशबोर्डमध्ये राहणाऱ्या पिस्तुलाचं तसं नसतं. तिथं शर्टाचं टोक अडकतं, होल्स्टर सैल असतं, रस्त्यात खड्डे असतात. बीडकरांना खड्ड्यांबद्दल वेगळं सांगायला नको.

उलटा धोकाही आहे आणि व्हिडिओत तो कमी सांगितला जातो. स्ट्रायकरची किंवा हॅमरची स्प्रिंग हलकी केली की पिनचा मार कमी होतो. काडतुसाच्या टोप्या सगळ्या सारख्या मऊ नसतात. एखादी टणक निघाली की 'टक्' असा आवाज येतो आणि बार उडतच नाही. ट्रिगर परत आणणारी स्प्रिंग ढिली पडली तर पहिल्या गोळीनंतर ट्रिगर मागेच अडकू शकतो. ज्या जिवाच्या भीतीपोटी परवाना मागितला, त्या वेळीच हत्यार दगा देणार. अमेरिकेतला तो माणूस नवी स्प्रिंग बसवल्यावर रेंजवर जाऊन शे-दोनशे गोळ्या झाडून खात्री करतो. आपल्याकडे परवान्यावर काडतुसांची मर्यादा लिहिलेली असते आणि शेतात जाऊन 'टेस्ट' करणं हा स्वतंत्र गुन्हा होऊन बसतो. त्यामुळे बदल केला तरी तो नीट झालाय की नाही हे कळायचा मार्गच उरत नाही.

परवान्याचं हत्यार, घरातली जागा, हाताळणारा जाणता माणूस, तरीही काय होऊ शकतं याचं उदाहरण जुनं नाही. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे अभिनेते आणि माजी खासदार गोविंदा यांच्या मुंबईतल्या घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायात घुसली. तिथं कुणी स्प्रिंग बदलल्याचं समोर आलेलं नाही. मुद्दा एवढाच, की मूळ रचनेतही चूक व्हायला एक क्षण पुरतो.

आता कायदा. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये 'शस्त्र' या शब्दात शस्त्रांचे सुटे भागही येतात. कलम ५ सांगतं की परवान्याशिवाय शस्त्र बनवणं, विकणं, त्यात रूपांतर करणं किंवा दुरुस्त करणं चालत नाही. इथंच बहुतेकांची गल्लत होते. तुमच्याकडे असतो तो शस्त्र बाळगण्याचा परवाना. दुरुस्तीचा परवाना वेगळा असतो आणि तो शस्त्र विक्रेत्याकडे किंवा कारागिराकडे असतो. साफसफाई, तेलपाणी मालकानं करावं. आतल्या यंत्रणेला हात घालणं ही दुरुस्ती किंवा रूपांतर ठरू शकतं. कलम ५ मोडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी शिक्षा आहे. परदेशी संकेतस्थळावरून स्प्रिंगांचा संच मागवायचा म्हटलं तर शस्त्रं आणि त्यांचे भाग आयात करायलाही परवाना लागतो, पाकीट कस्टममध्येच अडकायचं.

तसंही ते संच आपल्या कामाचे नसतात. ९ मिलिमीटर हा बोअर भारतात सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहे, आणि व्हिडिओतली बहुतेक छोटी पिस्तुलं त्याच बोअरची असतात. इथं परवान्यावर मिळतात ती प्रामुख्यानं पॉइंट बत्तीसची. सरकारी आयुध कारखान्यांची 'अशनी' पिस्तुलं, २०१४ मध्ये कानपूरहून आलेली जेमतेम अर्धा किलो वजनाची 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर. त्यांत परदेशी स्प्रिंग घासून-वाकवून बसवायची म्हणजे गावठी कट्ट्याच्या कारागिराचं काम, आणि तो कारागीर सापडला की तुमचाही फोन नंबर सापडतो.

गोळी सुटून कुणी जखमी झालं, तर 'साहेब, चुकून उडाली' हे वाक्य प्रत्येक ठाण्यात ऐकलेलं असतं. म्हणून हत्यार न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातं. तिथं ट्रिगरला किती जोर लागतो ते मोजता येतं आणि आतले भाग मूळचे आहेत का तेही तपासता येतं. हलकी स्प्रिंग सापडली की 'अपघात' हा बचाव निष्काळजीपणाकडे झुकतो. निष्काळजीपणानं मृत्यू झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लग्नात, मिरवणुकीत बार उडवून इतरांचा जीव धोक्यात घातला तर त्यासाठीही २०१९ पासून वेगळी तरतूद आहे: दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

ट्रिगर खरंच अडखळत असेल, गंज चढला असेल, तर दुरुस्तीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे जावं, परवाना सोबत न्यावा, हत्यार ठेवल्याची आणि बदललेल्या भागाची पावती घ्यावी. मूळ बनावटीचा भाग मिळत नसेल तर कारखान्याकडे विचारणा करता येते. वेळ लागतो, हे खरं. आणि ट्रिगर जड वाटतो एवढीच तक्रार असेल, तर रिकाम्या, दोनदा तपासलेल्या पिस्तुलावर प्रशिक्षकासमोर सराव केल्यानं बोटाला सवय होते. स्प्रिंग बदलून मिळतं त्यातलं बरंचसं असंच मिळून जातं, फुकटात.

परवाना रद्द झालेल्यांसाठी एक गोष्ट. आदेश मिळाल्यावर हत्यार घरी ठेवलं तर ते त्या क्षणापासून विनापरवाना धरलं जाऊ शकतं. ते जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायचं आणि पोच घ्यायची. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध अपील विभागीय आयुक्तांकडे करता येतं, बीडसाठी ते छत्रपती संभाजीनगरला. अपिलाचा निकाल लागेपर्यंत पिस्तूल जमाच राहतं.