‘रिमेंबर द टायटन्स’मधील क्रीडामानसशास्त्रीय कौशल्ये

‘रिमेंबर द टायटन्स’ : शालेय पातळीवरील अमेरिकन फुटबॉलवर आधारित, बोअझ याकिन दिग्दर्शित इंग्रजी चित्रपट (२०००). व्हर्जिनिया राज्यातील अलेक्झांड्रिया येथे १९७१ मध्ये तीन माध्यमिक शाळांचे वरचे वर्ग टी. सी. विल्यम्स या शाळेत एकत्र आणल्यावर कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय मुलांचा ‘टायटन्स’ हा जो संयुक्त संघ उभा राहिला, त्याची ही कथा आहे. मुख्य प्रशिक्षक हर्मन बून यांची भूमिका डेन्झेल वॉशिंग्टन याने, तर सहायक प्रशिक्षक बिल योस्ट यांची विल पॅटन याने केली आहे. मानसिक कौशल्ये एकट्या खेळाडूत नव्हे, तर संघाच्या परस्परव्यवहारात घडताना दाखवणे, हा या चित्रपटाचा विशेष होय.

संघैक्य : समान उद्दिष्टासाठी एकत्र राहण्याच्या गटाच्या वृत्तीस संघैक्य म्हणतात. त्याचे कार्यनिष्ठ (खेळातील उद्दिष्टाभोवतीचे) आणि सामाजिक (परस्परस्नेहातून येणारे) असे दोन प्रकार मानतात. गेटिसबर्ग येथील सराव शिबिरात बून आक्रमण व बचाव या फळ्यांनुसार बसगाड्या भरतात, भिन्नवर्णीयांना एका खोलीत ठेवतात आणि प्रत्येकाने दुसऱ्या वर्णाच्या सहकाऱ्यांची, त्यांच्या घरच्यांची व आवडीनिवडींची माहिती मिळवेपर्यंत दिवसातून तीन वेळा सराव चालेल, असे बजावतात. समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि अधिकाऱ्यांचा पाठिंबा असल्यास संपर्काने पूर्वग्रह कमी होतात, या गॉर्डन ऑलपोर्ट यांच्या १९५४ मधील प्रतिपादनाशी ही योजना जुळते.

संवाद व नेतृत्व : गोरा कर्णधार गेरी बर्टियर हा कृष्णवर्णीय खेळाडू ज्युलियस कॅम्पबेलवर स्वार्थीपणाचा ठपका ठेवतो, तेव्हा गोरे खेळाडू कृष्णवर्णीय सहकाऱ्यासाठी प्रतिस्पर्ध्याला अडवत नाहीत, हे कर्णधाराला दिसत नाही का, असा उलट सवाल ज्युलियस करतो. या रोखठोक संवादानंतर बर्टियर आपल्याच वर्णाच्या मित्राला जाब विचारतो आणि पुढे त्याला संघातून काढण्याचा निर्णयही घेतो. प्रशिक्षकांच्या शैलींतील भेद पीटी जोन्सच्या प्रसंगात उघड होतो : चेंडू निसटल्याबद्दल बून त्याला सर्वांसमक्ष फटकारतात, तर योस्ट धीर देऊन त्याला बचावफळीत घेतात.

ध्येयनिश्चिती व उद्दीपन : बून डावपेच मोजकेच ठेवून त्यांच्या निर्दोष अंमलबजावणीवर भर देतात. निकालापेक्षा कृतीवर लक्ष ठेवणाऱ्या अशा ध्येयास प्रक्रियाध्येय म्हणतात. अंतिम सामन्याच्या मध्यंतरात बून मुलांच्या आजवरच्या प्रयत्नांवर समाधान मानतात, पण ज्युलियस त्यांना परिपूर्णतेच्या आग्रहाची आठवण देतो; बाहेरून लादलेले ध्येय खेळाडूंनी आपलेसे केल्याचे हे लक्षण आहे. मैदानात गात-नाचत उतरण्याचा संघाचा परिपाठ उद्दीपन-नियमनाचे, म्हणजे शारीरिक-मानसिक उत्तेजना खेळास पोषक पातळीवर आणण्याचे, साधन ठरतो.

मर्यादा : मनःप्रतिमांचा सराव, आत्मसंवाद, श्वसनाधारित शिथिलीकरण ही वैयक्तिक तंत्रे चित्रपटात जवळजवळ नाहीत. पाणी पिणे हे दुबळेपणाचे लक्षण मानणारी बून यांची कठोर पद्धत आजच्या क्रीडाविज्ञानास मान्य नाही. बर्टियरला जायबंदी करणारा मोटार-अपघात पटकथेत अंतिम सामन्यापूर्वी येतो आणि चुरशीचा विजय त्या भावनावेगाशी जोडला जातो. प्रत्यक्षात अपघात हंगाम संपल्यावर झाला आणि अंतिम सामना टायटन्सनी २७–० असा एकतर्फी जिंकला. त्यामुळे दुःखाच्या प्रेरणेने विजय मिळतो, हे चित्रपटातून सूचित होणारे कार्यकारण मूळ घटनेवरून सिद्ध होत नाही.