खेळातली जर्मन फौज आणि इतिहासातली

हल्ली संगणकावर मुले युद्धाचे डाव मांडतात, हे आपण पाहिले असेल. ‘पँझर जनरल’ (१९९४), ‘कंपनी ऑफ हीरोज’ (२००६), ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’ (२०१६) हे त्यांतले काही गाजलेले खेळ. दुसऱ्या महायुद्धातली जर्मन फौज घेऊन यांत लढता येते. गणवेश, बंदुका, रणगाडे हुबेहूब उतरवण्यासाठी पुष्कळ मेहनत घेतलेली असते. पण तेवढ्याने ती फौज खरी ठरते काय?

प्रथम रणगाड्यांचे पाहू. ‘टायगर’ हा जर्मनांचा अवजड रणगाडा खेळात हटकून भेटतो. प्रत्यक्षात १९४२ ते १९४४ या काळात तो तयार झाला सुमारे १,३५०. उलट रशियाने युद्धकाळात टी-३४ जातीचे ५०,०००हून अधिक रणगाडे बांधले. बहुतेक जर्मन शिपायांच्या सोबतीला टायगर कधी आलाच नसेल.

मग ही फौज चालत कशी होती? पायी, आणि घोड्यांच्या बळावर! २२ जून १९४१ रोजी जर्मनीने रशियावर स्वारी केली, तेव्हा तिच्या सुमारे १५० डिव्हिजनांपैकी रणगाड्यांच्या वीसही नव्हत्या. बाकीचे बहुतेक पायदळ. त्याच्या तोफा, शिधा, दारूगोळा घोडे ओढीत. त्या स्वारीत सहा लाखांच्या वर घोडे होते. एवढ्या जनावरांना वैरण किती लागेल, हे ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे त्याला सांगायला नको. शरदातल्या चिखलात गाडे रुतले, मग हिवाळ्यात हजारो घोडे मेले. ‘हार्ट्स ऑफ आयर्न ४’मध्ये रसद आणि इंधन यांचा हिशेब ठेवावा लागतो, हे त्याचे श्रेय मान्य केले पाहिजे. पुष्कळ खेळांत मात्र वैरणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

हे यंत्रबळाचे चित्र आले कोठून? काही अंशी नाझी प्रचारपटांतून. त्यांना धावणारे रणगाडे दाखवायचे होते, थकलेली खेचरे नव्हेत. आणि काही अंशी युद्धानंतर गुडेरियन, मानश्टाइन यांच्यासारख्या सेनापतींनी लिहिलेल्या आठवणींतून. लढाई आम्ही उत्तम केली, घोटाळा हिटलरने केला, असा त्यांचा एकंदर सूर. पराभवाचे खापर मेलेल्या माणसावर फोडणे सोपे असते.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. ६ जून १९४१च्या हुकुमान्वये रशियन फौजेतले राजकीय अधिकारी पकडले की गोळ्या घालून मारायचे होते. जर्मनांच्या हाती सापडलेल्या सुमारे ५७ लाख रशियन युद्धकैद्यांपैकी ३० लाखांहून अधिक मेले; उपासमारीने, थंडीने, रोगाने, गोळीने. हे केवळ हिटलरच्या खास पथकांचे कृत्य नव्हते. नेहमीचे लष्करही त्यात सामील होते. १९९५ साली हॅम्बुर्गमध्ये यासंबंधी प्रदर्शन भरले, तेव्हा जर्मनीतच मोठा वाद उसळला. ‘आमचा बाप केवळ शिपाई होता’ या समजाला त्याने धक्का दिला. यातले काही या खेळांच्या पटावर सहसा दिसत नाही.

आपल्या माणसांनी ही फौज समोरासमोर पाहिली आहे. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी जखमी साथीदारांना पाठीवर वाहून आणले. दोघेही मराठा पलटणीचे. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तेव्हा शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांचा खेळ हिसकावून घेऊ नका. त्यांच्या शेजारी बसा आणि तीन प्रश्न विचारा. ही तोफ कोणी ओढली? हे शिपाई परक्या मुलखात कशासाठी आले? आणि त्यांनी धरलेल्या कैद्यांचे पुढे काय झाले? उत्तरे पटावर सापडली नाहीत, तर ती शोधायला मुलांना पुस्तकाकडे न्या. इतिहासाचा तास तेथूनच सुरू करता येईल.