दस्तऐवज आणि त्याची किल्ली : मुक्तस्रोत संगणक-प्रणालीवरील कार्यालयीन लेखनाचा इतिहास

१

कागदावरील दस्तऐवज वाचावयास प्रकाश, डोळे आणि लिपीचे ज्ञान एवढी सामग्री पुरते. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्या दफ्तराचे दार उघडण्यास सरकारची अनुज्ञा लागली; परंतु आतील मोडी वाचण्यास कोणाचीही अनुज्ञा लागली नाही. मोडीचे संकेत ही सर्व समाजाची मालमत्ता होती आणि लिपी व्यवहारातून गेल्यानंतरही ते संकेत शिकविणारे व शिकणारे उरले.

संगणकावरील दस्तऐवजाची स्थिती याहून वेगळी आहे. पडद्यावर दिसते ते अक्षर. फाइलीत असतात ते अंक. कोणता अंक कोणत्या अक्षराचा, कोणता अंक ठळक टंकाचा, तक्त्यातील ओळ कोठे संपते, हे सर्व एखाद्या संकेताने ठरलेले असते. तो संकेत प्रसिद्ध असेल तर दस्तऐवज सर्वांचा. अप्रसिद्ध असेल तर लिहिणारा जरी आपण असलो, तरी वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती राहते. लिनक्ससारख्या मुक्तस्रोत प्रणालीवर कार्यालयीन लेखन कसे होऊ लागले याचा इतिहास बहुधा मोफत आणि विकत या द्वंद्वात सांगितला जातो. प्रस्तुत लेखात तो या किल्लीच्या अनुरोधाने पाहावयाचा आहे. मराठी दस्तऐवजाला ही किल्ली एकेरी नसून निदान तिहेरी आहे, हे दाखविणे हा लेखाचा मुख्य हेतू होय.

२

रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा १९८३ मध्ये केली. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लोकांपुढे ठेवला. या दोहोंच्या संयोगातून जी प्रणाली सिद्ध झाली तिच्यावर लेखनाची साधने नव्हती असे नाही. डोनाल्ड क्नूथ यांचे ‘टेक्’ १९७८ पासून गणिती मजकुराची उत्तम जुळणी करीत होते आणि साध्या मजकुराचे संपादक तर विपुल होते. उणीव होती ती कार्यालयाच्या नित्य व्यवहाराची. पत्र, अहवाल, हिशेबाचा तक्ता आणि सभेपुढील सादरीकरण या गोष्टी बाहेरच्या जगातून ‘डॉक’ व तत्सम जातींच्या फाइलींत येत, आणि त्या फाइलींची अंतर्रचना सर्वांस खुली नव्हती. मायक्रोसॉफ्टने ती रचना सर्वांस खुली केली ती २००८ साली.

तोपर्यंत मुक्तस्रोत आज्ञावली लिहिणाऱ्यांनी काय केले? एकाच दस्तऐवजात एखादा शब्द ठळक करावा, पुन्हा साठवावे, पूर्वीच्या व नंतरच्या फाइलीतील अंक ताडून पाहावेत आणि फरकावरून संकेत अनुमानावा. ही पद्धती भाषाभ्यासकांस अपरिचित नाही. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मीचा उलगडा केला तो लेखालेखांतील पुनरावृत्त अक्षरसमूहांच्या तुलनेनेच. भेद इतकाच की प्रिन्सेपपुढील लेख कोरणारे दोन सहस्र वर्षांपूर्वी निवर्तले होते. येथे संकेत ठरविणारे हयात होते. कोणत्याही कार्यालयाचा चालू पत्रव्यवहार पुराभिलेखाप्रमाणे उलगडावा लागावा, ही अवस्था स्वाभाविक म्हणता येणार नाही.

३

या अवस्थेत पालट झाला तो जर्मनीतील एका लहान उद्योगामुळे. मार्को ब्योरीस या सोळा वर्षांच्या मुलाने १९८५ मध्ये ल्यूनेबुर्ग येथे ‘स्टार डिव्हिजन’ ही संस्था काढली. तिच्या लेखन-आज्ञावलीतून पुढे ‘स्टार ऑफिस’ हा संच वाढला. १९९९ मध्ये अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्सने ही संस्था ७ कोटी ३५ लक्ष डॉलरांस विकत घेतली आणि १३ ऑक्टोबर २००० रोजी संचाचा मूळ आज्ञासंग्रह ‘ओपनऑफिस’ या नावाने सर्वांसाठी खुला केला. पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये निघाली. लिनक्सवर बसून पत्र, तक्ता व सादरीकरण एकाच संचात करण्याची सोय आता मुक्त मार्गाने लाभली.

तथापि आज्ञावली खुली होणे आणि दस्तऐवजाचा संकेत खुला होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट घडली ती ‘ओॲसिस’ या मानकसंस्थेत. ओपनऑफिसचा फाइल-आराखडा पायाभूत धरून तेथे २००२ च्या अखेरीस समितीचे काम सुरू झाले; मे २००५ मध्ये ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’, संक्षेपाने ओडीएफ, संमत झाला आणि २००६ मध्ये त्यास २६३०० या क्रमांकाने आंतरराष्ट्रीय मानकाची प्रतिष्ठा मिळाली. या आराखड्याची फाइल म्हणजे वस्तुतः एक बांधलेले गाठोडे होय. ते सोडले असता आत निरनिराळे कागद मिळतात : एकात मजकूर, दुसऱ्यात मांडणीच्या शैली, तिसऱ्यात कर्ता, दिनांक इत्यादी नोंदी आणि एकात या सर्वांची सूची. हे कागद साध्या लिखित खुणांनी भरलेले असतात. उद्या सर्व आज्ञावल्या नष्ट झाल्या तरी मानकाचे पुस्तक हाती असलेला चिकाटीचा अभ्यासक ते वाचू शकेल.

या योजनेची कसोटी लवकरच लागली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली. संचाच्या भवितव्याविषयी साशंक झालेल्या कार्यकर्त्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी ‘डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली आणि त्याच आज्ञासंग्रहातून ‘लिबरऑफिस’ काढले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये आली. त्याच वर्षी ओरॅकलने ओपनऑफिस अपाची प्रतिष्ठानाच्या स्वाधीन केले. मालक बदलला, कार्यकर्ते दुभागले, संचाचे नाव पालटले; परंतु ओडीएफमधील जुने दस्तऐवज नव्या संचात तसेच उघडत राहिले. दस्तऐवजाचे आयुष्य आज्ञावलीच्या आयुष्यापासून विलग झाले होते. या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची घटना हीच, असे मला वाटते.

४

मानकाच्या प्रश्नाचा शेवट मात्र एकमताने झाला नाही. मायक्रोसॉफ्टने आपल्या नव्या फाइलींचा आराखडा ‘ऑफिस ओपन एक्सएमएल’ या नावाने पुढे आणला. एक्मा या संस्थेने तो डिसेंबर २००६ मध्ये स्वीकारला. त्या ग्रंथाची पृष्ठे सहा हजारांच्या घरात होती, तर ओडीएफची सुमारे सातशे. आंतरराष्ट्रीय मतदानात सप्टेंबर २००७ मध्ये हा आराखडा संमत होऊ शकला नाही. दुरुस्त्यांनंतर २००८ मध्ये संमत झाला. भारताने दोन्ही वेळा प्रतिकूल मत दिले. तेव्हापासून एकाच कार्यासाठी दोन आंतरराष्ट्रीय मानके नांदत आहेत. त्यांतून नित्य अनुभवास येणारी अडचण सर्वपरिचित आहे : लिनक्सवर सिद्ध केलेला अहवाल अन्य संचात उघडला की तक्ता सरकतो, पृष्ठ फुटते, तळटीप स्थान सोडते. मजकूर पोचतो; मांडणी वाटेत ढळते.

संस्थांच्या इतिहासातही हीच अडचण दिसते. म्युनिक नगरपालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे वळण्याचा निर्णय केला आणि २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणकांचे स्थलांतर पुरे केले. २०१७ मध्ये नगरसभेने विंडोजकडे परतण्याचे ठरविले. त्याच देशातील श्लेस्विग-होल्श्टाइन या राज्याने २०२४ मध्ये सुमारे तीस हजार संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. अशा निर्णयांत राजकारणाचा भाग असतो हे उघड आहे. परंतु संगणक बदलणे सोपे आणि वर्षानुवर्षे साचलेले नमुनापत्रांचे व तक्त्यांचे भांडार बदलणे कठीण, हा धडा दोहोंकडून मिळतो.

५

येथवर पाहिला तो रचनेच्या संकेताचा इतिहास. मराठी दस्तऐवजाचा विचार करू लागताच त्याखालचा एक थर उघडा पडतो, तो अक्षरसंकेताचा.

भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा संकेत १९८८ मध्ये सिद्ध झाला व १९९१ मध्ये भारतीय मानक ठरला. १९९१ मध्येच प्रसिद्ध झालेल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्कीवरूनच घेतली. असे असूनही छापखाने व कार्यालये यांत दीर्घकाळ चलती राहिली ती निराळ्या युक्तीची. रोमन अक्षराच्या जागी देवनागरी अवयवाचे चित्र बसविलेला फॉन्ट वापरावयाचा, म्हणजे संगणकाची समजूत रोमन लिहिल्याची आणि वाचकाची देवनागरी वाचल्याची. ‘कृतिदेव’ फॉन्टमध्ये ‘कि’ लिहिले असता फाइलीत उमटतात ती ‘एफ’ आणि ‘डी’ ही रोमन अक्षरे; ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांस आधी दिसते म्हणून संग्रहातही आधीच येते. युनिकोडात त्याच ‘कि’साठी प्रथम क, क्रमांक २३२५, आणि नंतर वेलांटी, क्रमांक २३६७, हा उच्चाराचा क्रम असतो. पहिल्या पद्धतीत चित्र साठविले जाते, दुसऱ्या पद्धतीत वर्ण. चित्राच्या संग्रहात मराठी शब्द मराठी म्हणून शोधता येत नाही, अकारविल्हे लावता येत नाही आणि फॉन्ट हरपला की उरते ते निरर्थक रोमन.

यावरून एक गोष्ट लक्षात यावी. असा मजकूर ओडीएफमध्ये साठविला तर बाहेरचे गाठोडे खुले, आतला मजकूर कुलूपबंद, अशी स्थिती होते. आराखडा मुक्त झाल्याने दस्तऐवज मुक्त झाला असे मराठीपुरते म्हणता येत नाही. पीडीएफ करून ठेवल्यानेही हा दोष जात नाही. रूप टिकते, शोध घेता येत नाही.

युनिकोडातही मराठीस आपले स्थान सावकाश मिळाले. ‘ॲ’ या अक्षरास स्वतंत्र क्रमांक मिळाला तो २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांतील अर्धा र ज्या ‘ऱ’पासून साधतात, त्या अक्षरापुढे युनिकोडाची टीप आहे ती द्राविडी भाषांतील वर्त्स्य र दाखविण्याविषयीची, त्याच्या अर्ध्या रूपावर मराठीने आपले काम भागविले. पडद्यावर अवयवांची जुळणी करणारे यंत्रही पूर्वी प्रत्येक प्रणालीवर निराळे असे; लिबरऑफिसने २०१७ मधील ५.३ या आवृत्तीपासून सर्व प्रणालींवर ‘हार्फबझ’ हे एकच मुक्तस्रोत जुळणीयंत्र स्वीकारले.

तिसरी किल्ली भाषानिर्देशाची. ओडीएफमध्ये मजकुराची भाषा नोंदविण्यासाठी तीन घरे आहेत : पाश्चात्य लिप्यांचे, पूर्व आशियाई लिप्यांचे आणि जटिल जुळणीच्या लिप्यांचे. देवनागरी तिसऱ्या घरात पडते. या घरात ‘मराठी’ अशी नोंद नसेल तर संगणकास तो मजकूर हिंदी, नेपाळी वा संस्कृत यांहून वेगळा ओळखण्याचे कारण नाही. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने देठयुक्त श आणि पाकळीयुक्त ल ही रूपे मराठीसाठी निश्चित केली. फॉन्टमध्ये ती अंतर्भूत असली तरी भाषेची नोंद पाहूनच त्यांची निवड होईल अशी योजना पुष्कळ वेळा असते. नोंद चुकीची असल्यास मराठी निबंधात हिंदी वळणाचा श अवतरतो.

शुद्धलेखन तपासणीही याच नोंदीवर चालते. येथे मुक्तस्रोताचा इतिहास भाषाशास्त्रास विशेष उद्बोधक आहे. ओपनऑफिसची पहिली तपासणी-आज्ञावली शब्दाचा एकच प्रत्यय सोडवू शके. लास्लो नेमेथ या हंगेरियन अभ्यासकास आपल्या प्रत्ययबहुल भाषेसाठी ते अपुरे वाटले. त्याने दोन थरांचे प्रत्यय सोडविणारी ‘हन्स्पेल’ रचली. ‘घराजवळच्यांना’ या एका रूपात सामान्यरूप, शब्दयोगी, षष्ठीचा प्रत्यय व त्यावर पुन्हा विभक्ती असे थर आहेत. म्हणजे हंगेरियनसाठी केलेली सुधारणा मराठीच्याही उपयोगी पडते, परंतु पुरी पडत नाही. उरलेले काम मराठी रूपविचाराचे आहे, ते मराठीच्या अभ्यासकांवाचून कोण करणार?

६

तात्पर्य, मराठी दस्तऐवज खऱ्या अर्थाने खुला होण्यास रचनेचा संकेत, अक्षराचा संकेत आणि भाषेची नोंद या तिन्ही गोष्टी प्रसिद्ध व यथार्थ असाव्या लागतात. पहिली मुक्तस्रोत चळवळीने साधून दिली. दुसरी युनिकोडाने बहुतांशी दिली. तिसरी लिहिणाराच्या सावधपणावर अवलंबून आहे.

विद्यापीठीय विभागांपुढील कर्तव्य यातून सरळ निघते. नवे प्रबंध युनिकोडात, भाषेची नोंद करून, खुल्या आराखड्यात जतन करावेत. जुन्या फॉन्टमधील प्रबंध, शब्दसूच्या व बोलींचे नमुने यांचे रूपांतर ते फॉन्ट ओळखणारी माणसे आहेत तोवरच करून घ्यावे आणि रूपांतरित प्रत मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावी. कारण यांत्रिक रूपांतरात प्रथम बिघडतात ती जोडाक्षरे आणि रफार. बोलींच्या नमुन्यांत तर एका रफाराचा फरक हाच कित्येकदा पुरावा असतो. मोडीचे जाणकार विरळ झाल्यावर तिचे वर्ग काढावे लागले, तरी ते काढता आले, कारण संकेत सर्वांचा होता. एखाद्या बंद फॉन्टचा संकेत त्याच्या कर्त्याबरोबर लोपला तर त्याचे वर्ग काढण्यासही काही उरणार नाही.